इतवारीहून स्टेडियम किती लांब?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेत वादविवाद स्पर्धेत पाच मिनिटांची घंटा वाजली की माझी बोबडी वळायची. आज घंटा नाही, म्हणून मीच घड्याळ समोर ठेवलं आहे.

गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर एकच भांडण सुरू आहे: खेळ बघणाऱ्यासाठी महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं शहर कोणतं? भांडण मीच लावलं, हे कबूल. माझ्या कामातले निम्मे सहकारी अमेरिकेत आहेत. सोमवारचा कॉल सुरू झाला की कामाआधी त्यांचं हेच चालतं. बोस्टनवाला म्हणतो, आमचं फेनवे पार्क १९१२ पासून भर शहरात आहे, ऑफिसातून उठायचं आणि चालत सामन्याला जायचं. दुसरा म्हणतो, ग्रीन बे बघा. लाखभर वस्तीचं गाव, स्टेडियमला ऐंशी हजार खुर्च्या, आणि संघाची मालकी एका शेठकडे नाही, हजारो साध्या भागधारकांकडे आहे. ऐकता ऐकता वाटलं, हा प्रश्न आपल्याकडे टाकून बघावा. टाकला, आणि तेव्हापासून कोणाचा फोन गप्प बसलेला नाही.

मुंबईकरांनी पहिल्याच दिवशी निकाल लावला. वानखेडे, ब्रेबॉर्न, कूपरेज, २ एप्रिल २०११ ची रात्र, आणि भर पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग. पुणेकरांनी १९०६ सालचं डेक्कन जिमखाना काढलं, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभी राहिलेली बालेवाडी काढली, आणि १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं ते आमच्या नेहरू स्टेडियमवर, हेही ऐकवलं. कोल्हापूरला सासर असलेल्या आपल्या मैत्रिणीने तर माहेर सोडून सासरची बाजू घेतली! तिचं म्हणणं, खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, तेही १९१२ सालचं, म्हणजे फेनवेच्या वयाचं. आणि फुटबॉल म्हणाल तर तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलचा संघ काढायचा आणि अख्ख्या पेठेने त्याच्यामागे शाहू स्टेडियमवर जायचं, हे दुसऱ्या गावात दाखवा, म्हणाली. ग्रीन बेला उत्तर द्यायचं तर मीही कोल्हापूरच पुढे करीन.

मग आपले नागपूरकर उठले. १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी. २००८ मध्ये जामठ्याची पहिली कसोटी, तीच गांगुलीची शेवटची. विदर्भाकडे तीन रणजी करंडक: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. आणि सगळ्यात वरचा पत्ता म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक, चेतन शर्माची. गावसकरचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक. कोणीतरी लिहिलंही, "नागपूरने जिंकवून उपांत्य फेरीला मुंबईत पाठवलं, आणि मुंबईत हरून बसले!" त्याच्याखाली आपल्या एका मित्राने लिहिलं, "ती तर त्या दिवशी मैदानावर होती. तिलाच विचारा."

ती म्हणजे मी. आणि मित्रहो, आजच्या भाषणाचं खरं कारण हे आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी तिसरीच्या वर्गात सांगितलं होतं की मी ती मॅच बघून आले. बाईंनी मला फळ्यापुढे उभं करून सगळी हकीकत सांगायला लावली. रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफील्ड, तिघांच्या दांड्या कशा उडाल्या, ते मी हातवारे करून दाखवलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. अडतीस वर्षांनी कबूल करते, मी मैदानावर नव्हते.

त्या शनिवारी सकाळी आईने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरली. बाबा आणि दादा स्कूटरवर निघाले. मी चपला घालून दारात उभी होते. बाबा म्हणाले, "तिथे फार गर्दी असते, पोरींचं काम नाही. तू रेडिओ ऐक." त्यात राग नव्हता, ओरडणंही नव्हतं. इतवारीहून सिव्हिल लाइन्स ती किती लांब? दादा पुढे सायकलवर जायचा. माझ्यासाठी मात्र ते अंतर किलोमीटरमध्ये नव्हतं.

मी आणि आजीने स्टुलावर रेडिओ ठेवून मॅच ऐकली. हॅटट्रिक झाली तेव्हा आजीने विचारलं, "हे काय असतं गं?" मलाही माहीत नव्हतं. गावसकरला ताप होता आणि तरी त्याने ८८ चेंडूंत नाबाद १०३ केले, हे मागाहून कळलं. रात्री दादा घसा बसवून घरी आला आणि त्याने जे सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगितलं. फक्त त्याच्या जागी मला उभं केलं.

म्हणून या वादात करंडक आणि स्टेडियमं मोजून मला निकाल लावता येत नाही. मी एकच कसोटी लावते. खेळाचं वेड असलेली आठ-दहा वर्षांची एक मुलगी घ्या. ती जुन्या वस्तीत राहते, घरी गाडी नाही. तिला सामना बघायला जाता येईल का? गेली तर नीट बसता येईल का? आईच्या जिवाला घोर न लावता परत येता येईल का?

या कसोटीवर आज मुंबई पहिली येते, हे नागपूरकर असून सांगते. वानखेडे चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आझाद मैदानावर तर तिकीट काय, भिंतही आडवी येत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा मी टीव्हीवर खेळापेक्षा स्टँडकडे जास्त बघत होते. बापाच्या खांद्यावर, आईच्या शेजारी, मैत्रिणींच्या घोळक्यात, सगळीकडे मुली. आपलेपणात कोल्हापूर पहिलं. नागपूर खेळाडू घडवण्यात कुठेच मागे नाही. आपण मागे आहोत ते जाऊन बसण्यात.

हे मी दुसऱ्याला सांगत नाही. विदर्भाने २०१९ मध्ये जामठ्यालाच सौराष्ट्राला हरवून करंडक राखला, तेव्हा मी स्कोअर फोनवर बघितला. "जामठा फार लांब आहे" असं मीही म्हणत आले. आणि हे खरंच आहे, इतवारीहून ते पंधरा-वीस किलोमीटर पडतं.

२०२५ च्या महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, मी माहेरी होते आणि त्याच दिवशी केरळविरुद्ध रणजीची अंतिम लढत सुरू होणार होती. मी बाबांना विचारलं, "येता का?" ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हणाले, "मला कोण नेईल तिथे?" मी म्हटलं, "मी."

चितार ओळी चौकातून मेट्रो घेतली, सीताबर्डीला बदलली, खापरीला उतरलो, पुढे ऑटो. डब्यात उपवासाची साबुदाण्याची खिचडी. आम्ही जाऊन बसतो न बसतो तोच विदर्भ ३ बाद २४. बाबा म्हणाले, "चाल बाई, घरी जाऊ. हे काही खरं दिसून नाही राहिलं." मी म्हटलं, "थांबा, इतक्या लांब आलो." मग दानिश मालेवार आणि करुण नायर उभे राहिले ते २१५ धावा जोडेपर्यंत. एकवीस वर्षांचं आपल्या नागपूरचं पोरगं, पहिलाच मोसम, शतक झालं तेव्हा बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजूबाजूच्या खुर्च्या मात्र बहुतेक रिकाम्या होत्या.

परतताना मेट्रोत बाबांनी विचारलं, "त्या दिवशी तुला नेलं नव्हतं ना?" मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "न्यायला पाहिजे होतं." विदर्भाने पुढे पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला. माझा हिशेब त्या मेट्रोतच पुरा झाला होता.

आता माझा ठराव. जामठ्याला विदर्भाचा रणजीचा पुढचा जो सामना असेल, त्याला आपण एक दिवस जायचं. मुंबई-पुण्याचे नाही आले तरी चालतील, पण जे नागपुरात आहेत त्यांनी यायचं. येताना घरातली एक मुलगी आणायची: आपली, भावाची, शेजारची, घरी कामाला येणाऱ्या ताईंची. चितार ओळी स्टेशनवर सकाळी आठला भेटायचं. पुऱ्या मी आणते.

अमेरिकेतल्या सहकाऱ्यांचा वाद मिटायचा नाही. आपला मात्र मिटू शकतो. कोणतं शहर चांगलं, हे पुढच्या मेळाव्यात त्या मुलींनाच विचारू. त्यातली एखादी वर्गात फळ्यापुढे उभी राहून सामन्याची हकीकत सांगेल, तेव्हा ती तिने स्वतः बघितलेली असेल.

बाई, तेव्हा खोटं बोलले. माफ करा. टाळ्या मात्र परत देणार नाही.