परदेश आणि परभाषा



माझी नात महाडहून जर्मनीस शिकावयास गेली. शिक्षण इंग्रजीत, बिऱ्हाडात चौघी मराठी मुली. वर्षभरात जर्मन आली ती दुकानापुरती! मी रागावले. पण मी तरी मुंबईत बारा वर्षे राहून गुजराती कोठे शिकले? चाळ सगळी पोलादपूरचीच!

पंडिता रमाबाईंनी इंग्रजीचा आरंभ पुण्यातच केला होता. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजला जोगिणींच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येई. तरी धर्मावर वाद घालावयाचा तोही इंग्रजीतच. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकविले.

नातीने नुकतेच बिऱ्हाड बदलले. घरमालकीण म्हातारी, इंग्रजी न येणारी. परवा फोनवर म्हणाली, “आजी, काल आम्ही दोघी भांडलो, आणि तेही जर्मनमधून!”