जुने धरण, जनतेचे पाणी



मुंबई शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांपैकी विहार १८६० साली, तुळशी १८७९ साली आणि तानसा १८९२ साली पूर्ण झाला. हे तिन्ही जलाशय आजही वापरात आहेत. वसाहतवादी सरकारने ते बांधले ते जनतेच्या कळवळ्यापोटी नव्हे. गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांच्यासाठी गोळा होणाऱ्या श्रमिकांचे शहर पाण्यावाचून चालणार नव्हते म्हणून. परंतु त्यांचा दगड आणि माती श्रमिकांनी वाहिली, आणि आज ते महानगरपालिकेच्या, म्हणजेच जनतेच्या मालकीचे आहेत. म्हणून दोन प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे : ही धरणे सुरक्षित आहेत काय, आणि ती कोणासाठी आहेत?

तानशाचा बांध दगडी आहे. असा बांध स्वतःच्या वजनावर पाण्याचा रेटा पेलतो. झिरपणारे पाणी जुन्या बांधकामाच्या सांध्यांतील चुना हळूहळू धुऊन नेते. पायाखाली शिरलेले पाणी बांधाला वर उचलू पाहते. म्हणून झिरप किती आहे, ती वाढते आहे काय, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागते. पावसाळ्यापूर्वी दरवाजे चालवून पाहावे लागतात. धरण केवळ वयाने धोकादायक होत नाही, दुर्लक्षाने होते. ही निगा राखणे हे बांधाची खोड जाणणाऱ्या कायम कामगाराचे आणि अभियंत्याचे काम आहे. सर्वांत कमी दराच्या निविदेवर ते सोपवता येत नाही.

इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे, बांधकाम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले. ऑगस्ट १९७९ मध्ये गुजरातेतील मच्छू-२ धरण फुटून मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. आलेला पूर सांडव्याच्या गणितापेक्षा मोठा होता. मुंबईसाठी वैतरणा नदीवर १९५७ सालचे मोडकसागर आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला २०१४ साली पूर्ण झालेले मध्य वैतरणा. अशा ठिकाणी एकेका धरणाची तपासणी पुरत नाही. साऱ्या नदीचा आणि बदललेल्या पावसाचा एकत्र हिशेब मांडावा लागतो.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वीची व नंतरची तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा ही धरणाच्या मालकाची जबाबदारी ठरवली आहे. परंतु तो आराखडा कपाटात राहिला आणि बांधाखालच्या आदिवासी पाड्याला त्याचा पत्ताच नसला, तर तो रक्षण कोणाचे करणार?

आता दुसरा प्रश्न. तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाचा धोका एकाच्या दारी, नळ दुसऱ्याच्या घरी! आणि शहरात तरी नळ सर्वांना कोठे आहे? झोपडीतील श्रमिकाला वास्तव्याच्या तारखेचा पुरावा मागून नळजोडणी नाकारली जात असे. अनधिकृत वस्तीत राहतो म्हणून माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही, हे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

म्हणजे हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. ज्यांच्या डोक्यावर धरण उभे आहे त्यांचा पाण्यावर हक्क नसेल, तर धरणाच्या निगेवरही त्यांची नजर राहणार नाही. म्हणून आपल्या मागण्या अशा : तपासणीचे अहवाल मराठीत, गावोगावच्या ग्रामसभांपुढे ठेवा, देखभालीसाठी कायम कामगार नेमा, धरणालगतच्या पाड्यांना प्रथम पाणी द्या, आणि पाणीपुरवठा खाजगी नफ्याच्या हाती देऊ नका.

बंधूंनो, सव्वाशे वर्षांहून जुना बांध श्रमिकांनी उभा केला. तो पुढेही उभा राहावा यासाठी संघटित होणे हे आपले काम आहे.