नकाशावरची रेघ आणि नागरिकाचा हक्क



नगररचना हा अभियंत्यांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. परंतु गावकुसाबाहेर ज्यांना शतकानुशतके ठेवण्यात आले, त्यांना जागेची वाटणी म्हणजे काय हे सांगावयास नको.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. दाट वस्ती व अंधाऱ्या खोल्या हे रोगाचे मूळ मानून १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले व दादर-माटुंग्यास वसाहती वसविल्या. परंतु ज्यांची घरे पडली, त्या गरिबांपैकी पुष्कळांना तेथील भाडे परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळींतच दाटीने राहिले. दाटी नाहीशी झाली नाही. तिने केवळ जागा बदलली.

१९१४ साली पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात आले. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे म्हणणे साधे होते : आधी पाहणी, मग निदान, मग उपचार. सरसकट पाडापाड न करता जी घरे खरोखर निकामी असतील तेवढीच काढावी, त्या जागी हवा-उजेड आणावा आणि रहिवाशांस शक्यतो तेथेच राहू द्यावे.

कायदाही हळूहळू विस्तारला. १९१५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात नगररचना योजना आल्या. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर विकास आराखडा करण्याचे बंधन आले. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने प्रादेशिक योजनेच्या द्वारे खेडीही या विचारात घेतली. याच कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात.

हा हक्क पोकळ नाही. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या, आणि शासनाला तो सुधारण्याचा आदेश द्यावा लागला.

म्हणून आपल्या गावाचा वा शहराचा मसुदा प्रसिद्ध होताच तो पाहा. आपली वस्ती, शाळा, विहार व पाण्याची जागा त्यात दाखविली आहे की नाही, हे तपासा. नसेल तर भूमापन क्रमांकासह लेखी हरकत मुदतीच्या आत द्या, पोच घ्या, आणि सुनावणीस एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून जा. घर पडल्यावर न्यायालयाचे दार ठोठावण्यापेक्षा नकाशा कच्चा असतानाच बोलणे अधिक शहाणपणाचे आहे.