प्रबंध आणि बेचाळीस किलोमीटर



पीएच.डी.चा प्रबंध लिहीत असतानाच मुंबई मॅरेथॉनचे वेड माझ्या डोक्यात शिरले. अंतर ४२.१९५ किलोमीटर! सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी प्रबंध तरी पुरा कर." बोलणे खोटे नव्हते. पहाटे साडेचारला उठून धावायचे आणि दहाला ग्रंथालयात पुस्तकावर डोके टेकून चक्क झोपायचे! मार्गदर्शकांनी एक प्रकरण परत केले, तेव्हा डोळे उघडले. मग आठवड्यातून लांब धाव एकच ठेवली, ती रविवारी. लेखणी पुन्हा हलू लागली. १९८४ च्या आधी ऑलिंपिकमध्ये बायकांना ही शर्यतच नव्हती, हे मी सासूबाईंना सांगितले. त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे चहा त्यांनीच ठेवला.

जानेवारीत पेडर रोडच्या चढावर पाय अडले. थोडी चालले, पण पोचले. शेवटचे प्रकरण मात्र अजून लिहायचे आहे.