कडेचे पंख



मुलांनो, मघाशी तुमचं नाटक रंगलं होतं तेव्हा विंगेत उभी राहून एक मुलगी सगळ्यांचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणत होती. रंगमंचाची विंग कडेला असते, इमारतीचीही असते, आणि पक्ष्याचे पंख तर अंगाच्या दोन्ही कडांनाच. तरी उडायचं ते त्यांच्याच बळावर!

मराठीच्या नकाशावर आपलं तंजावरही असंच कडेला. पण या कडेनं काय काय केलं, ते ऐका. मराठी नाटक १८४३ साली सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सुरू झालं, असं सांगतात. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी इथले मराठा राजे, एकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे, ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी मराठी नाटकं लिहीत होते. त्यांच्या ‘पंचभाषाविलासा’त तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच नाटकात नांदतात. घरी मराठी, शाळेत तमिळ बोलणाऱ्या तुम्हा मुलांना ते मुद्दाम समजावून सांगायला नको.

पुढे सरफोजीराजे. त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, ‘बालबोध मुक्तावली’. पुण्यामुंबईच्या मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तक यायला अजून अवकाश होता. याच राजांनी चितारून घेतलेल्या पक्ष्यांच्या चित्रांचा एक संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पिसांचे रंग न्याहाळणारा राजा मला फार मोठा वाटतो.

आता तुमच्या डोक्यावरून सुखोई जातात. जानेवारी २०२० मध्ये हवाई दलाची ‘टायगरशार्क्स’ स्क्वॉड्रन इथल्या तळावर दाखल झाली. तुमच्यातलं कुणी उद्या विंग कमांडर होईल, जरूर व्हावं.

पण आज मला दुसरंच मागायचं आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतल्या कागदांचे ढीग आहेत. राजवाड्याचे हिशेब, पत्रं, हुकूम, सगळं आपल्या पूर्वजांच्या मराठीत. ते वाचू शकणारी माणसं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तुमच्या आजीच्या तोंडचे कितीतरी शब्द त्यांत सापडतील. मुख्याध्यापिका बाई, येत्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांसाठी मोडीचा वर्ग काढा. खोली आणि फळा शाळेचा. शिकवायला मी येईन.