जुन्या लष्करी रायफलींवरील मुद्रा

(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांत एखादा तरी पूर्वज पलटणीत होता आणि त्याच्या पराक्रमाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता आपली मुले विलायतेस व अमेरिकेस स्थायिक झाली आहेत. तेथे लष्कराने विक्रीस काढलेल्या जुन्या रायफली दुकानांत मिळतात आणि त्यांत हिंदुस्थानात घडलेल्याही पुष्कळ असतात. 'ही रायफल हिंदी पलटणीबरोबर मेसोपोटेमियात लढलेली आहे', असे दुकानदार सांगतो आणि आजोबा-पणजोबांच्या आठवणीने आपल्या माणसाचे मन हेलावते. अशा वेळी खरे-खोटे ठरविणारा साक्षीदार त्या रायफलीच्या अंगावरच असतो. त्याची साक्ष कशी घ्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मोडी कागद हाताळणारास ठाऊक आहे की, पत्राच्या माथ्यावरील शिक्का कोणाच्या अधिकाराने पत्र निघाले ते सांगतो, आणि शेवटचे मोर्तब मजकूर कोठे संपला ते सांगते. रायफलीचेही तसेच आहे.

आपल्या सैन्यात व पोलिसांत दीर्घकाळ वापरात असलेली रायफल म्हणजे ली-एन्फील्ड. हिचा प्रसिद्ध 'मार्क तीन' हा नमुना १९०७ साली मान्य झाला. लाकडी दस्ता जेथे पोलादी भागात बसतो, तेथील कड्याच्या उजव्या अंगास मुख्य मुद्रा असते. प्रथम राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना, असा तिचा क्रम. एन्फील्ड, बी. एस. ए., ऑस्ट्रेलियातील लिथगो आणि बंगालमधील ईशापूर ही कारखान्यांची नावे वारंवार आढळतात. ईशापूरच्या मुद्रेत राजाच्या आद्याक्षरांस 'आय' हे अक्षर जोडलेले दिसते. ते 'सम्राट' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे होय. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राज्य पालटल्याची नोंद पोलादावरही झाली, ती अशी.

नमुन्याच्या आकड्यापुढे तारा असेल, तर तो १९१६ च्या आरंभी मान्य झालेला सुटसुटीत नमुना होय. युद्धाच्या घाईत लांब पल्ल्याचे नेम व इतर काही भाग त्यातून गाळण्यात आले. ईशापूरच्याच '२ ए' व '२ ए १' या ७.६२ मिलिमीटरच्या रायफली १९६२ च्या चिनी आक्रमणानंतरच्या आहेत. त्या जुन्या .३०३ रायफलींतून बदलून केल्या, असा समज पुष्कळांचा असतो, परंतु त्या नव्यानेच घडविलेल्या आहेत.

आता दुकानदाराच्या कथेची परीक्षा पाहा. ११७ वी मराठा पलटण कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात होती आणि तेथील फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. रायफलीवर १९१८ साल असेल, तर ती त्या वेढ्यात नव्हती. हे गणित कोणीही करू शकेल.

सरकारी मालकीची खूण म्हणजे रुंद पात्याचा बाण. त्यासोबत 'आय' असल्यास मालकी हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकास टोक भिडवून ठोकलेले दिसले, तर ब्रिटिश सरकारने ते शस्त्र सेवेतून काढून विकले, असे समजावे. हेच तिचे मोर्तब. विक्रीनंतर नळीची पुन्हा कसोटी होई आणि नळीचा व्यास, काडतुसाची लांबी व सोसावयाचा दाब हे आकडे तिच्यावर ठोकले जात. काडतुसाच्या तळाशीही मुद्रा असते. तेथील 'के. एफ.' ही अक्षरे १८६९ साली स्थापन झालेल्या आपल्या खडकीच्या कारखान्याची आहेत.

काही खुणा जिवाशी संबंध असलेल्या आहेत. 'डी. पी.' म्हणजे केवळ कवाइतीसाठी. अशी रायफल कधीही झाडावयाची नाही. बोल्टवरील अनुक्रमांक मुख्य भागावरील अनुक्रमांकाशी जुळत नसेल, तर बोल्ट दुसरीचा आहे. मग काडतुसामागील अंतर बिनचूक आहे की नाही, हे तज्ज्ञाने मोजल्यावाचून ती हाती धरू नये. पुढील लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असल्यास ती हातगोळे फेकण्यासाठी मजबूत केलेली असते. मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा आणि .४१० चा आकडा दिसल्यास ती पोलीस व पहारेकऱ्यांसाठी गुळगुळीत नळीची, एकेक बार काढणारी केलेली बंदूक होय.

परंतु या सर्व मुद्रा एक गोष्ट सांगत नाहीत, आणि ती म्हणजे शिपायाचे नाव. दस्त्यावर पितळी चकती शिल्लक असल्यास पलटण व अनुक्रमांक कळतो, नाव नव्हे. रायफल सरकारची, शिपाई बदलता. म्हणून 'ही आमच्या पणजोबांची', असे कोणत्याही रायफलीवरून सिद्ध होत नाही. नाव पाहिजे असेल, तर आपल्याच घरातील पेटी उघडावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. त्यांतील एक पदक चांदीचे असल्याने कित्येक घरी ते आटवून दागिने झाले; ज्यांच्याकडे उरले आहे, त्यांनी ते घासून चकचकीत करू नये. ती कड हाच आपल्या कुळाचा अस्सल दाखला आहे.

शेवटी कायद्याचे दोन शब्द. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह खोडणे, बदलणे अथवा बनावट करणे निषिद्ध आहे. आणि खोडलेल्या खुणेचे शस्त्र ज्याच्यापाशी सापडेल, त्यानेच ती खोडली, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणून वडिलार्जित बंदुकीवरील गंज काढण्याच्या नादात कानस किंवा खरकागद चालवू नये. परवान्यात काही उणे असेल, तर लाज न बाळगता पोलीस ठाण्यात कळवावे.

पूर्वजांचा मान खोट्या कथेने वाढत नाही आणि खऱ्या नोंदीने कमी होत नाही. आपल्या तरुणांनी या संमेलनानंतर घरोघरची पदके, सनदा व सेवापुस्तके पाहून त्यांवरील अक्षरे जशीच्या तशी उतरवून मंडळाकडे द्यावीत, एवढी विनंती आहे.