जाहिरातीत न लिहिलेली अट



मला दिलेला विषय आहे, ‘हुशार उमेदवार यावेत म्हणून नोकरीची जाहिरात आकर्षक कशी करावी’. एरवी हा एचआरवाल्यांचा विषय. आपण घरातले पहिले पदवीधर, म्हणजे जाहिराती वाचणारे. लिहिणारे दुसरेच कुणीतरी, असं आपण धरून चालतो. पण आपल्यातले कितीतरी जण आज टीम लीडर आहेत, प्राध्यापक आहेत, संस्था चालवतात. उद्याची जाहिरात तुमच्याच हातून लिहिली जाणार आहे. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

एका संशोधन प्रकल्पात गावोगाव जाऊन ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेण्यासाठी माणसं नेमायची होती. जाहिरातीचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं: नामांकित संस्थेतून पदव्युत्तर पदवी, इंग्रजीवर प्रभुत्व, स्वतःचा लॅपटॉप आणि दुचाकी, मानधन पात्रतेनुसार. वर शोभेला एक ओळ होती, ‘उत्साही, ध्येयवेड्या तरुणांसाठी अनोखी संधी’. रात्री मसुदा पुन्हा वाचला आणि लक्षात आलं, मी एम.ए. झाले त्या वर्षी ही जाहिरात पाहिली असती तर अर्जच केला नसता. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. आणि मुलाखती तर मराठीत घ्यायच्या होत्या! मग इंग्रजीवर प्रभुत्व कशाला?

चाळणी लाव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आजवर वाचलेल्या जाहिरातींची भाषा मी उचलली, चाळणी तिच्यासोबत आली.

नोकरीची सूचना कुणाला बोलावते आणि कुणाला नाही, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात आदेश काढला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ‘लायक माणसं मिळाली तर बघू’ असं मोघम न बोलता महाराजांनी आकडा लिहिला. १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा ठरल्या, तोही लिहिलेला आकडाच होता. आता ऑगस्ट २०२४ आठवा. लोकसेवा आयोगाने लॅटरल एन्ट्रीने ४५ वरिष्ठ पदं भरण्याची जाहिरात काढली. तिच्यात आरक्षणाची तरतूद नव्हती. देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. जाहिरातीत जे लिहिलेलं नसतं तेही वाचायला लोक शिकलेत, म्हणून हे घडलं.

सरकारी जाहिरातीत निदान प्रवर्गनिहाय जागा मोजता येतात. खासगी क्षेत्रात तेही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असावा. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याचं गुणोत्तर ०.६७ निघालं, मुस्लिम नावाला ०.३३. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘आम्ही फक्त गुणवत्ता बघतो’ असं सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही विचारत होते. वडील काय करतात, या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात कुठवर जातं, हे तुम्हाला सांगायला नको.

मग आकर्षक जाहिरात म्हणजे काय? ‘रॉकस्टार हवेत’, ‘आमचं ऑफिस म्हणजे एक कुटुंब’, रंगीत पोस्टर? ज्याच्या घरात आधी कुणी ऑफिसात गेलेलं नाही, त्याला असल्या शब्दांतून काहीच कळत नाही. त्याला कळायला हवं: पगार किती आणि हातात किती पडणार; रोज नेमकं काम काय; मुलाखतीला येण्याचं भाडं मिळणार का; निवड कोण आणि कशी करणार; शंका विचारायला फोन कुणाला करायचा. ज्याचा मामा किंवा वर्गमित्र त्या कंपनीत आहे, त्याला ही माहिती घरबसल्या मिळते. आपल्याकडे फक्त जाहिरात असते. म्हणून मोघम जाहिरात सगळ्यांना सारखी मोघम नसते.

आम्ही मसुदा बदलला. इंग्रजी आणि ‘नामांकित’ काढलं. मानधनाचा आकडा टाकला, प्रवासखर्च आगाऊ मिळेल असं लिहिलं, टॅबलेट प्रकल्पाने दिला. ‘ऊसतोडीच्या किंवा स्थलांतराच्या जगण्याची ओळख असल्यास प्राधान्य’ ही ओळ घातली. निवडलेल्यांत एक मुलगी होती, बी.ए. द्वितीय श्रेणी. लहानपणी आईवडिलांसोबत फडावर राहिलेली. उचल, कोयता, मुकादम हे शब्द तिला समजावून सांगावे लागले नाहीत, आणि बायका तिच्याशी जे बोलल्या ते माझ्याशी बोलल्या नसत्या. पहिल्या मसुद्याने ‘टॅलेंट’ म्हणून नेमकं हिलाच बाहेर ठेवलं असतं.

शेवटी दोन गोष्टी. जाहिरात वाचताना: सरकारी जाहिरातीतली अनिवार्य अर्हता अनिवार्यच असते, ती नीट तपासा, जात वैधता आणि इतर कागद आधीच तयार ठेवा, प्रवर्गाच्या जागा आणि अनुशेष मोजा, शंका आली तर माहितीचा अधिकार वापरा. खासगी जाहिरातीतली दहा अटींची यादी मात्र पुष्कळदा इच्छांची यादी असते. दहापैकी सहा जमत असतील तर अर्ज करा. नकार द्यायचं काम त्यांचं आहे, ते आपण घरी बसून त्यांच्यासाठी करू नये.

आणि जाहिरात लिहिताना: प्रत्येक अटीपुढे विचारा, ही अट कामाला लागते की माझ्या ऐटीला? मग विचारा, मी पदवीधर झाले त्या वर्षी हे वाचून अर्ज केला असता का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ती ओळ खोडा.

आपल्यातल्या पहिल्या माणसाला आत शिरायला फार वर्षं लागली. आत गेल्यावर आपण लिहिलेल्या जाहिरातीने मागून येणाऱ्याला दारातच अडवू नये, एवढंच.

जय भीम.